लहान बिझनेस विद्यापीठ आणि मराठवाड्याचा विद्यार्थी

लातूरच्या ट्यूशन एरियात आणि नांदेडच्या भाग्यनगर-बाबानगर भागात नीट-जेईईच्या पाट्यांच्या गर्दीत आता परदेशी शिक्षणाच्या सल्लागारांचीही पाटी दिसू लागली आहे. काही वर्षांपूर्वीपर्यंत या भागातून परदेशी शिकायला जाणे म्हणजे बहुतेक वेळा एमबीबीएससाठी रशिया, युक्रेन किंवा किर्गिझस्तान गाठणे असे. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केला आणि ‘ऑपरेशन गंगा’च्या विमानांची वाट पाहताना मराठवाड्यातल्या कितीतरी घरांचा जीव टांगणीला लागला. आता त्या प्रवाहात दुसरा प्रवाह मिसळला आहे. बीकॉम, बीबीए, बीएस्सी ॲग्री आणि इंजिनिअरिंग झालेली मुलेमुली मॅनेजमेंट, फायनान्स, सप्लाय चेन, बिझनेस ॲनॅलिटिक्स यांची चौकशी करतात. त्यांच्यापुढे ठेवल्या जाणाऱ्या संस्थांपैकी अनेकींचे नाव घरात कुणी ऐकलेले नसते. एखाद्या छोट्या गावातले, फक्त व्यापार आणि व्यवस्थापन शिकवणारे, हजार-दोन हजार विद्यार्थ्यांचे विद्यापीठ.

अशा ठिकाणी जावे का? तिथले जगणे कसे असते, पैसा कुठून येतो, पदवीनंतर हातात काय पडते? आणि उलट बाजूने, आपले नांदेडचे विद्यापीठ परदेशी विद्यार्थ्याला असे ठिकाण होऊ शकेल का? या सगळ्याचा हा आढावा आहे. माझे मत सुरुवातीलाच सांगतो. लहान संस्था म्हणजे हलकी संस्था हा समज चुकीचा आहे. पण लहान संस्था पारखून घ्यावी लागते, आणि ती पारख शिकवणारी व्यवस्था नांदेड-लातुरात जवळजवळ नाही. आपल्या मुलांचे सर्वांत मोठे नुकसान तिथे होते.

बाहेर जाऊन शिकण्याची जुनी वाट

मराठवाड्याला शिक्षणासाठी घर सोडण्याची सवय परिस्थितीनेच लावली. निजामाच्या राज्यात उच्च शिक्षणाची वाट हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाकडे जाई. ते १९१८ मध्ये सुरू झाले आणि तिथले माध्यम उर्दू होते. १७ सप्टेंबर १९४८ ला प्रदेश मुक्त झाला. १९५० मध्ये नांदेडला पीपल्स कॉलेज आणि औरंगाबादला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या संस्थेचे मिलिंद महाविद्यालय उभे राहिले. १९५८ मध्ये मराठवाडा विद्यापीठ आले. लातूरला १९६१ मध्ये दयानंद आणि १९७० मध्ये राजर्षी शाहू महाविद्यालय निघाले. नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली या चार जिल्ह्यांचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १७ सप्टेंबर १९९४ ला, म्हणजे मुक्तिदिनालाच, नांदेडजवळ विष्णुपुरीत सुरू झाले.

त्या विद्यापीठाचे पहिले कुलगुरू डॉ. जनार्दन वाघमारे. लातूरच्या शाहू महाविद्यालयाचे प्राचार्य म्हणून ‘लातूर पॅटर्न’शी त्यांचे नाव जोडलेले आहे, आणि अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या साहित्याचे अभ्यासक म्हणून महाराष्ट्र त्यांना ओळखतो. लातुरात राहून अमेरिकेचा इतका खोल अभ्यास करता येतो हे ज्या गावाने पाहिले, त्या गावाला जग परके वाटण्याचे कारण नाही.

त्याआधीची दोन उदाहरणे प्रत्येक मराठी घराला ठाऊक आहेत. आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये अठराव्या वर्षी बोटीने अमेरिकेला गेल्या. बाबासाहेब १९१३ मध्ये सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. महिन्याला साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी. परत आल्यावर १९१८ मध्ये ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्र शिकवू लागले. सिडनहॅम हे १९१३ मध्ये निघालेले वाणिज्य महाविद्यालय, म्हणजे त्या काळची एक लहान, एकाच विषयाला वाहिलेली संस्था. सरकारी किंवा दरबारी मदत आणि योग्य संस्थेची निवड या दोन्ही गोष्टी जुळल्या की काय घडते, ते बाबासाहेबांच्या आयुष्याइतके स्पष्ट दुसरीकडे दिसत नाही.

अलीकडचे पाहायचे तर परराष्ट्र मंत्रालयाच्या २०२४ च्या आकडेवारीनुसार १३ लाखांहून अधिक भारतीय विद्यार्थी परदेशात शिकत होते. एकट्या अमेरिकेत २०२३-२४ मध्ये ३,३१,६०२ भारतीय विद्यार्थी होते आणि त्या वर्षी भारताने चीनला मागे टाकले. हैदराबादच्या आसपासच्या तेलुगू घरांत ही वाट तीन दशके मळलेली आहे. नांदेडपासून हैदराबाद मुंबईपेक्षा कितीतरी जवळ आहे, पण तिथला तो अनुभव आपल्या तालुक्यांपर्यंत पोचलेला नाही.

लहान संस्था म्हणजे नेमके काय

जगात नावाजलेल्या लहान बिझनेस संस्था पुष्कळ आहेत. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधले बॅब्सन कॉलेज १९१९ चे आणि बेंटली १९१७ चे. बेंटलीला विद्यापीठ म्हणवून घ्यायला २००८ साल उजाडावे लागले. जर्मनीत लाइपझिगचे एचएचएल १८९८ चे. ऱ्हाईन नदीकाठच्या फालेंडारचे डब्ल्यूएचयू १९८४ चे. फिनलंडमधले हांकेन १९०९ चे. लॅटव्हियातले स्टॉकहोम स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स इन रिगा १९९४ चे, आपल्या नांदेडच्या विद्यापीठाच्याच वयाचे.

या संस्थांत शिकवतात कसे हे बॅब्सनच्या उदाहरणावरून कळते. तिथे पहिल्या वर्षाची मुले गट करून खराखुरा धंदा उभा करतात. भांडवल कॉलेज उसने देते. माल ठरवायचा, पुरवठादार गाठायचा, विक्री करायची, हिशेब ठेवायचा, वर्षअखेर भांडवल परत करायचे आणि उरलेला नफा समाजकार्याला द्यायचा. अठरा वर्षांच्या मुलाला ताळेबंद कळतो तो पुस्तकातून नाही, स्वतःच्या गटाची रोकड संपते तेव्हा. लातूरच्या मोंढ्यात आडत दुकानाच्या गादीजवळ वाढलेल्या मुलाला यातले निम्मे आधीच ठाऊक असते. सौदा कसा होतो, उधारी कुठे अडते, आवक वाढली की भाव का पडतो, हे त्याने डोळ्यांनी पाहिलेले असते. त्याला हवी असते ती या अनुभवाला शास्त्राची जोड. लातूरचा सोयाबीनचा भाव शिकागोच्या वायदेबाजाराकडे आणि पेंडीच्या निर्यातीकडे पाहून हलतो. त्यामुळे या जिल्ह्याला आंतरराष्ट्रीय व्यापार शिकलेल्या माणसांची गरज आहे हे वेगळे सिद्ध करायला नको.

लहान संस्थेचे फायदे खरे आहेत. वर्गात चाळीस-पन्नास मुले, प्राध्यापक नावाने ओळखतात, माजी विद्यार्थ्यांचे जाळे घट्ट असते. तोटेही तितकेच खरे आहेत. नाव आपल्याकडच्या कंपन्यांना माहीत नसते, विषय बदलायला वाव नसतो, आणि संस्था कमकुवत निघाली तर तिच्या आडोशाला दुसरा चांगला विभाग नसतो. मोठ्या विद्यापीठात वाईट अभ्यासक्रम निवडला तरी विद्यापीठाचे नाव थोडे तारते. लहान संस्थेत सगळी भिस्त एकाच पत्त्यावर असते.

वर्गातले आणि खोलीतले दिवस

आपल्या मुलाला तिथे पहिला धक्का हवामानाचा बसतो असे सगळे सांगतात. माझ्या मते पहिला धक्का वर्गात बसतो. बिझनेस स्कूलमध्ये ‘केस’ शिकवतात. एखाद्या कंपनीची पंधरा-वीस पानांची खरी हकीकत आदल्या रात्री वाचायची आणि सकाळी प्राध्यापक कुणालाही विचारणार, तुम्ही मालक असता तर काय केले असते? उत्तराला ‘बरोबर’ असा शिक्का नसतो. बोलण्याला गुण असतात. लातूर पॅटर्नने आपल्या मुलांना चार पर्यायांतला बिनचूक पर्याय वेगाने ओळखायला शिकवले, आणि ते कौशल्य छोटे नाही. पण इथे पर्याय स्वतःच मांडायचा असतो आणि समोरच्या इटालियन किंवा नायजेरियन मुलाशी वाद घालून तो टिकवायचा असतो. हुशार मुलगा पहिले दोन महिने गप्प बसतो, त्याचे गुण जातात, आणि आपण कमी आहोत अशी समजूत त्याच्या मनात घर करते. ही समजूत चूक असते. सवय नसणे आणि कुवत नसणे यांत फरक आहे, हे त्याला निघण्याआधी कुणीतरी सांगायला हवे.

दुसरी गोष्ट राहण्याची. लहान संस्था अनेकदा लहान गावात असते. फालेंडारसारखे गाव काही हजार वस्तीचे. तिथे भारतीय किराणा दुकान शेजारच्या शहरात, भाड्याच्या खोल्या मोजक्या, आणि संध्याकाळच्या कामांची संख्या त्याहून कमी. ‘पार्ट-टाइम करून खर्च निघतो’ हे वाक्य आपल्याकडे सर्रास ऐकवले जाते. कायदा किती काम करू देतो ते पाहा: ब्रिटनमध्ये सत्र चालू असताना आठवड्याला २० तास, अमेरिकेत कॅम्पसच्या आत २० तास, कॅनडात २४ तास, जर्मनीत वर्षाला १४० पूर्ण दिवस. पण कायद्याने परवानगी असणे वेगळे आणि गावात काम मिळणे वेगळे. जर्मनीतल्या छोट्या गावात जर्मन बोलता येत नसेल तर बेकरीतही उभे करत नाहीत. अशा कामातून फार तर जेवणखाण आणि थोडे भाडे निघते. फी निघत नाही. हे घरच्यांनी हिशेबाच्या वहीत पहिल्या पानावर लिहून ठेवावे.

तिसरी गोष्ट कागदांची. जर्मनीला निघताना भारतीय विद्यार्थ्याला १ नोव्हेंबर २०२२ पासून कागदपत्र पडताळणीचे ‘एपीएस’ प्रमाणपत्र बंधनकारक झाले आहे, शिवाय वर्षाच्या खर्चाचे ११,९०४ युरो आधीच बंद खात्यात दाखवावे लागतात. पोचल्यावर नगर कार्यालयात पत्ता नोंदवायचा, आरोग्य विमा घ्यायचा. ब्रिटनमध्ये आरोग्य अधिभार विद्यार्थ्याला वर्षाला ७७६ पौंड पडतो आणि तो व्हिसाबरोबरच भरायचा असतो. सल्लागाराच्या अंदाजपत्रकात हे आकडे बहुधा तळाशी बारीक अक्षरात असतात.

एकटेपणाबद्दलही बोलले पाहिजे. मोठ्या अमेरिकी विद्यापीठात शेकडो भारतीय असतात. लहान बिझनेस विद्यापीठात अख्ख्या तुकडीत मराठी बोलणारे आपण एकटेच असू शकतो. पिशवीतला येसर आणि शेंगदाण्याची चटणी संपली की घर फार लांब वाटू लागते. लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून आहे, उत्तर अमेरिकेतले बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ पासून. जवळच्या शहरातल्या मंडळाचा पत्ता निघण्याआधीच शोधून ठेवावा. आणि या एकटेपणाची दुसरी बाजूही आहे. आपल्या भाषेचा घोळका नसल्यामुळे दहा देशांच्या मुलांशी मैत्री करावीच लागते. पुढे व्यापारात कामाला येतात ती हीच नाती. मुलींच्या बाबतीत तर लहान कॅम्पस, ओळखीचे चेहरे आणि चालत जाण्याइतके वसतिगृह या गोष्टी आईवडिलांचा धीर वाढवतात. उदगीर-देगलूरच्या मुलीला ‘लग्नानंतर बघू’ असे सांगून अडवण्यापेक्षा ही माहिती घरी नेली तर बरीच दारे उघडतील.

पैसा: जमीन आहे, तारण नाही

मराठवाड्यातल्या घराची संपत्ती म्हणजे शेती, आणि शैक्षणिक कर्जाच्या खिडकीवर नेमकी तीच चालत नाही. ठरावीक रकमेपर्यंत, साधारण साडेसात लाखांपर्यंत, बँका तारणाशिवाय कर्ज देतात. त्यापुढे तारण मागतात. बँकांना थकीत कर्जाची वसुली ज्या २००२ च्या सरफेसी कायद्याने सोपी होते, त्याच्या कलम ३१ मध्ये शेतजमिनीला वगळले आहे. शेतकऱ्याच्या रक्षणासाठी ही तरतूद आहे आणि ती योग्यच आहे. पण तिचा परिणाम असा की पंधरा एकरांच्या मालकाला बँक म्हणते, शहरातला एनए प्लॉट किंवा फ्लॅट दाखवा. गावठाणातले घर ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर असते. ते तारण म्हणून घ्यायलाही बँका कचरतात. मग घर वळते बिगर-बँक वित्तसंस्थांकडे, जिथे तारण लागत नाही पण व्याज चढे असते.

त्यात चलनाचा फटका. २०१४ मध्ये डॉलर साठ रुपयांच्या आसपास होता, आज तो ऐंशीच्या बराच पुढे गेला आहे. दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात दुसऱ्या वर्षाची फी रुपयांत वाढलेली असू शकते, हे धरूनच कर्जाची रक्कम ठरवावी. बॅब्सन किंवा बेंटलीसारख्या ठिकाणी पदवीची फीच वर्षाला ५० हजार डॉलरच्या पुढे, म्हणजे ४० लाख रुपयांहून अधिक आहे. ‘जर्मनीत शिक्षण फुकट’ हेही अर्धेच खरे. फी नाही ती बहुतांश सरकारी विद्यापीठांत. एचएचएल किंवा डब्ल्यूएचयू या खासगी संस्था आहेत आणि त्यांची फी हजारो युरोंत आहे. दोन सवलती मात्र लक्षात ठेवाव्यात. आयकराच्या जुन्या पद्धतीत कलम ८०ई खाली शैक्षणिक कर्जाच्या व्याजावर आठ वर्षांपर्यंत वजावट मिळते, आणि मान्यताप्राप्त वित्तसंस्थेच्या कर्जातून पाठवलेल्या फीवर परदेशी रकमेवरचा टीसीएस लागत नाही.

शिष्यवृत्त्यांच्या बाबतीत महाराष्ट्र मागे नाही. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी सामाजिक न्याय विभागाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती दरवर्षी ७५ जणांना मिळते. पदव्युत्तरसाठी वयोमर्यादा ३५ आणि पीएचडीसाठी ४०. आदिवासी, इतर मागासवर्ग, भटके-विमुक्त विद्यार्थ्यांसाठी स्वतंत्र योजना आहेत. मराठा-कुणबी विद्यार्थ्यांसाठी ‘सारथी’ची योजना आहे आणि तिला महाराजा सयाजीराव गायकवाडांचेच नाव दिले आहे. बाबासाहेबांना मदत करणाऱ्या राजाचे नाव आज मराठवाड्यातल्या मुलाच्या कामी येते आहे.

इथेच एक अडचण आहे आणि तिच्याकडे कुणाचे फारसे लक्ष नाही. या योजना संस्था निवडताना क्यूएसच्या जागतिक विद्यापीठ क्रमवारीवर भर देतात. ती क्रमवारी अनेक विषय शिकवणाऱ्या मोठ्या विद्यापीठांची आहे. फक्त व्यवस्थापन शिकवणारी संस्था तिच्यात बसतच नाही. फ्रान्सची इन्सेड किंवा मिलानची बोकोनी या जगातल्या अव्वल बिझनेस संस्था त्या सर्वसाधारण यादीत शोधून सापडणार नाहीत. त्यांची नावे व्यवसाय शिक्षणाच्या वेगळ्या यादीत असतात. राजर्षी शाहू योजनेत लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचा वेगळा उल्लेख करून बाबासाहेबांच्या संस्थेला जागा ठेवली आहे, ही चांगली गोष्ट. तीच दृष्टी पुढे नेऊन विषयवार क्रमवारीतल्या लहान बिझनेस संस्थांनाही शासनाने मान्यता द्यावी.

याशिवाय इतरही मार्ग आहेत. ब्रिटनच्या चेव्हनिंग शिष्यवृत्तीला २,८०० तासांचा कामाचा अनुभव लागतो. युरोपातल्या इरॅस्मस मुंडुसमध्ये दोन-तीन विद्यापीठांत मिळून शिक्षण होते आणि अनेक लहान संस्था त्यात भागीदार असतात. जर्मनीच्या ‘डाड’ (डीएएडी) संस्थेच्या शिष्यवृत्त्या आहेत. आणि लहान संस्थांची स्वतःची फी-सवलतही असते. बरीच मुले ती मागतच नाहीत, कारण मागायची असते हे त्यांना ठाऊक नसते.

पदवीनंतर

निर्णय घेताना पदवीनंतर किती काळ थांबता येते हे आधी पाहावे. अमेरिकेत शिक्षणानंतर १२ महिने काम करता येते. अभ्यासक्रम ‘स्टेम’ वर्गातला असेल तर आणखी २४ महिने. बिझनेस ॲनॅलिटिक्स बहुतेक ठिकाणी या वर्गात मोडते, साधे एमबीए सगळीकडे मोडत नाही. दोन अभ्यासक्रमांच्या नावातल्या एवढ्या फरकाने दोन वर्षांचा पगार ठरतो. पुढे एच-१बी व्हिसाच्या वर्षाला ८५ हजार जागा आहेत, सोडत आहे, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये देशाबाहेरून आणायच्या नव्या कर्मचाऱ्यांसाठी १ लाख डॉलरच्या शुल्काची घोषणा झाली. ब्रिटनमध्ये पदव्युत्तरनंतर दोन वर्षे मिळतात, १ जानेवारी २०२७ पासूनच्या अर्जांना अठरा महिने. जर्मनी नोकरी शोधायला अठरा महिने देते. हे नियम दर वर्षी बदलतात, त्यामुळे केवळ तिथे राहता येईल या आशेवर कर्ज काढू नये. परत येऊन लातूर, नांदेड, पुणे किंवा हैदराबादला काय करता येईल, याचे उत्तर तयार असेल तरच ते कर्ज झेपते.

पारख कशी करावी

फसवणुकीची झळ आपल्या शेजाऱ्यांनाही बसली आहे. २०११ मध्ये कॅलिफोर्नियातली ट्राय-व्हॅली युनिव्हर्सिटी बनावट निघाली आणि तिथल्या भारतीय विद्यार्थ्यांच्या पायाला पाळतीचे पट्टे बांधले गेले. त्यांत तेलुगू भाषकांची संख्या मोठी होती. २०१९ मध्ये मिशिगनमधले फार्मिंग्टन विद्यापीठ हा अमेरिकी यंत्रणेनेच रचलेला सापळा होता आणि त्यात १२९ भारतीय विद्यार्थी पकडले गेले. २०२३ मध्ये कॅनडात बनावट प्रवेशपत्रांमुळे पंजाबच्या मुलांवर हद्दपारीची पाळी आली. बनावट संस्था स्वतःला बहुधा ‘बिझनेस’ किंवा ‘मॅनेजमेंट’ म्हणवते, कारण प्रयोगशाळा लागत नाही, इमारतीचे दोन मजले पुरतात.

म्हणून पाच गोष्टी स्वतः तपासाव्यात. एक, देशाची अधिकृत यादी: ब्रिटनमध्ये परवानाधारक संस्थांची, कॅनडात नियुक्त संस्थांची, अमेरिकेत विद्यार्थी व्हिसासाठी प्रमाणित संस्थांची यादी सरकारी संकेतस्थळावर फुकट मिळते; जर्मनीसाठी ‘अनाबिन’ ही यादी आहे. दोन, मानांकन: एएसीएसबी, इक्विस आणि एम्बा ही बिझनेस शिक्षणातली तीन नावे. तिन्ही मिळालेल्या संस्था जगात सुमारे एक टक्काच आहेत, पण निदान एक तरी असावे. तीन, नोकरीचा अहवाल: किती जणांना, किती महिन्यांत, कोणत्या देशात नोकरी मिळाली, त्यांत परदेशी विद्यार्थ्यांचा आकडा वेगळा दिला आहे का? चार, माजी विद्यार्थी: संस्थेने गाठ घालून दिलेला नव्हे, आपण शोधलेला, भारतातून गेलेला. पाच, सल्लागाराचे पैसे कोण देतो: बहुतेक सल्लागारांना संस्थेकडून दलाली मिळते. ती बेकायदा नाही, पण ते आपल्याला तीच संस्था का सुचवतात हे त्यातून कळते.

उलटी वाट: विष्णुपुरीत परदेशी विद्यार्थी

आपण जाण्याचेच बोलतो, येण्याचे नाही. २०२१-२२ मध्ये भारतात एकूण ४६,८७८ परदेशी विद्यार्थी होते, त्यांत सर्वांत मोठा वाटा नेपाळचा. यूजीसीने २०२२ मध्ये मंजूर जागांच्या वर २५ टक्के अतिरिक्त जागा परदेशी विद्यार्थ्यांना देण्याची मुभा दिली. पुण्यात ही वाट फार जुनी. फर्ग्युसनच्या वसतिगृहाचे रेक्टर डॉ. शां. ब. मुजुमदार यांनी कावीळ झालेल्या एका मॉरिशसच्या विद्यार्थ्याला खिडकीतून जेवण पोचवणारी मुलगी पाहिली, आणि त्या अस्वस्थतेतून १९७१ मध्ये सिंबायोसिस उभे राहिले. परदेशी विद्यार्थ्याला वर्गाच्या आधी जेवण, औषध आणि आपुलकी लागते हे त्यांनी ओळखले होते. छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठानेही येमेनसारख्या अरब देशांतले विद्यार्थी अनेक वर्षे सामावून घेतले आहेत.

नांदेड-लातूरकडे देण्यासारखे काय आहे? वाणिज्य आणि व्यवस्थापन शिकवणारे विभाग आहेत, लातूरला उपकेंद्र आहे. तूर, सोयाबीन, डाळ मिल, तेल गिरणी ही शेतमालाच्या व्यापाराची जिवंत शाळा आहे. आफ्रिकेतल्या किंवा नेपाळमधल्या कृषिप्रधान भागातून येणाऱ्याला ती न्यूयॉर्कपेक्षा अधिक कामाची आहे. हजूर साहिबमुळे नांदेडचे नाव कॅनडा आणि ब्रिटनमधल्या शीख घरांत रोज घेतले जाते. गुरू गोविंदसिंगजींचे १७०८ मध्ये इथे निर्वाण झाले, आणि २००८ च्या त्रिशताब्दीच्या वेळी विमानतळाचेही नूतनीकरण झाले. त्या घरांतल्या मुलांसाठी तीर्थक्षेत्र-व्यवस्थापन किंवा भारतीय व्यापार यावरचा सहा आठवड्यांचा उन्हाळी अभ्यासक्रम ही अगदी शक्य गोष्ट आहे. रिगाच्या संस्थेने १९९४ पासून हेच केले: एक चांगला इंग्रजी पदवी अभ्यासक्रम, एक भक्कम स्वीडिश भागीदार आणि शेजारच्या लिथुएनिया-एस्टोनियातून येणारी मुले. लहान आकार आड आला नाही.

अर्थात तयारी लागेल. १८० दिवसांहून अधिक काळासाठी आलेल्या विद्यार्थ्याची १४ दिवसांत नोंदणी व्हावी लागते. जिल्ह्यात ते काम पोलीस अधीक्षक कार्यालयाचे, आणि अर्ज ऑनलाइन. विद्यार्थी व्हिसावर त्याला नोकरी करता येत नाही, म्हणून त्याचा खर्च आधी नीट सांगावा लागेल. वसतिगृह, दवाखाना आणि इंग्रजीत उत्तर देणारा एक माणूस, एवढ्यावर सुरुवात होते.

करायचे काय

बुलढाणा जिल्ह्यातल्या पिंपरी खंदारे या गावचे राजू केंद्रे २०२१ मध्ये चेव्हनिंग शिष्यवृत्तीवर लंडनला शिकायला गेले. त्यांच्या एकलव्य संस्थेने पहिल्या पिढीतल्या शेकडो मुलांना अर्ज, निबंध आणि मुलाखतीची तयारी शिकवली. त्यातून एक गोष्ट सिद्ध झाली आहे: खेड्यातल्या मुलाकडे कुवत असते, कमी पडते ती सोबत. लातूर पॅटर्न म्हणजे तरी काय होते? रोजचा सराव, प्रत्येक प्रश्नाची चर्चा, चुकलेल्या मुलाला वेळ देणारा शिक्षक. हाच पॅटर्न उद्देशपत्र, शिफारसपत्र, आयईएलटीएस आणि केसवर बोलण्याच्या सरावाला लावता येतो. त्यासाठी नवीन इमारत नको.

चार जिल्ह्यांतल्या प्रत्येक मोठ्या महाविद्यालयाने एका प्राध्यापकाला हे काम नेमून द्यावे आणि त्याला त्यासाठी तासिका सवलत द्यावी. विद्यापीठाने ट्रान्सक्रिप्ट, माध्यम प्रमाणपत्र आणि अभ्यासक्रमाची साक्षांकित प्रत या तिन्ही गोष्टी एकाच ऑनलाइन अर्जावर ठरावीक दिवसांत द्याव्यात. किनवट किंवा निलंग्याच्या मुलाला त्यासाठी विष्णुपुरीचे हेलपाटे पडू नयेत. शासनाने शिष्यवृत्तीत विषयवार क्रमवारी मान्य करावी. आणि परदेशी शिकून आलेल्या किंवा तिथे असलेल्या नांदेड-लातूरच्या प्रत्येकाने वर्षातून एकदा तरी आपल्या जुन्या कॉलेजात, ऑनलाइन का होईना, एक तास द्यावा.

आईवडिलांना एवढेच सांगणे आहे. मुलगा किंवा मुलगी एखाद्या अनोळखी लहान विद्यापीठाचे नाव घेऊन आली तर लगेच नाही म्हणू नका आणि सल्लागाराच्या शब्दावर लगेच हो म्हणू नका. वर सांगितलेल्या पाच गोष्टी तिच्यासोबत बसून एका रविवारी तपासा. त्या पाचांत संस्था उतरली तर पाठवा, कर्ज काढूनही पाठवा. उतरली नाही तर कुणी कितीही गोड बोलले तरी थांबा.